सगळ्या घराला चालेल असे गोड : दही, जेली आणि चायना ग्रास



पैठणच्या एका भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. घरात सात माणसे. पती-पत्नी दोघेही कामावर जातात आणि घरी सासूबाई नातवंडे सांभाळतात. भगिनी लिहितात, “सासूबाईंना चार वर्षांपासून शुगर आहे. गेल्या वैशाखी पौर्णिमेला घरी खीर केली. सगळ्यांना वाटी-वाटी खीर दिली आणि सासूबाईंपुढे काकडीच्या फोडी ठेवल्या. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री मी पाणी प्यायला उठले, तर त्या अंधारात बसून पातेल्याला लागलेली खीर बोटाने पुसून खात होत्या. मला रागही आला आणि रडूही आले. टीव्हीवर दही आणि जिलेटीनची कमी कॅलरीची गोड वाटी दाखवतात. ते जिलेटीन म्हणजे नेमके काय असते? आमच्याकडे फ्रिज नाही. आम्हांला हे जमेल का?”

ताई, जमेल. फ्रिज नसला तरी जमेल. हे पत्र एका घराचे असले तरी प्रश्न पुष्कळ घरांचा आहे. भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आले. शुगर हा शेठ-सावकारांचा आजार, असे पूर्वी म्हणत. आता तो वस्तीत, चाळीत, शेतमजुराच्या घरातही आला आहे. म्हणून या वेळी हाच विषय घेत आहोत.

जिलेटीन आपल्या ओळखीचे आहे

नाव परके वाटते म्हणून बिचकू नका. रविवारी बोकडाचे पाय आणले, चुलीवर दोन-तीन तास शिजवले आणि उरलेला रस्सा थंडीच्या दिवसांत रात्रभर तसाच राहिला, तर सकाळी पातेल्यात काय दिसते? रस्सा थिजून थलथलीत झालेला असतो. पातेले हलवले की तो थरथरतो आणि चुलीवर ठेवला की पुन्हा पातळ होतो. रस्सा असा थिजवणारा पदार्थ म्हणजेच जिलेटीन. जनावराच्या हाडांत, कातड्यात आणि शिरांत एक चिवट द्रव्य असते. ते पाण्यात बराच वेळ शिजले की त्याचे जिलेटीन होते. कारखान्यात तेच शुद्ध करून, वास काढून, वाळवून त्याची पूड करतात. आपल्या आज्यांनी हे पातेल्यात पाहिलेले आहे. आपल्याला फक्त त्याचे बाजारातले नाव माहीत नव्हते.

म्हणजे जिलेटीन मांसाहारी आहे, हे स्पष्ट झाले. मांस-मटण खाणाऱ्याला त्याची अडचण नाही. पण घरात कोणी मांसाहार सोडलेला असेल, किंवा पौर्णिमेला अष्टशील पाळून शाकाहार करीत असेल, तर त्यांना आधी सांगावे. न सांगता खाऊ घालू नये. पाकिटावरची खूणही पाहावी. हिरवी खूण शाकाहारी पदार्थाची आणि तपकिरी खूण मांसाहारी पदार्थाची असते.

आणखी एक सावधगिरी. किराणा दुकानात रंगीत जेलीची पाकिटे मिळतात. मुलांना ती फार आवडतात. पण त्यांत बहुधा जिलेटीन किंवा तत्सम पूड थोडी आणि साखर भरपूर असते. पाकिटाच्या मागे घटकांची यादी छापलेली असते. जो घटक सर्वांत जास्त, तो यादीत पहिला, असा नियम आहे. पहिले नाव साखरेचे दिसले, तर ते पाकीट शुगरच्या माणसासाठी आणू नये. साधी, बिनसाखरेची पूडच आणावी.

उन्हाळ्यात चायना ग्रास

जिलेटीनची एक खोड आहे. साधारण ३० ते ३५ अंशांवर ते विरघळू लागते. आपल्याकडे १४ एप्रिलची जयंती आणि वैशाखी पौर्णिमा दोन्ही ऐन उन्हाळ्यात येतात. मराठवाड्यात तेव्हा पारा ४० च्या वर चढतो. फ्रिज नसलेल्या घरात त्या दिवसांत जिलेटीन थिजणारच नाही. दही आणि पाणी एकत्र कालवून वाटीत ठेवल्यासारखे होईल.

त्यासाठी चायना ग्रास वापरावे. पांढऱ्या, कुरकुरीत पट्ट्यांच्या किंवा पुडीच्या रूपात ते किराणा दुकानात कस्टर्ड पावडरच्या शेजारी मिळते. नावात ग्रास असले तरी ते गवत नाही. समुद्रातल्या शेवाळापासून ते करतात, म्हणून पूर्ण शाकाहारी आहे. आपल्या देशात तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात कष्टकरी स्त्रिया समुद्रात बुड्या मारून असे शेवाळ गोळा करतात. चायना ग्रास एकदा घट्ट झाले की उन्हाळ्यातही वितळत नाही. ते पुन्हा पातळ व्हायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते.

याची एक गोष्ट मुलींना जरूर सांगावी. सन १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत रोगजंतूंवर काम चालू होते. जंतू वाढवण्यासाठी बशीत जिलेटीन थिजवून ठेवत. पण गरम हवेत ते वितळे आणि केलेले काम वाया जाई. वॉल्टर हेस नावाचे एक डॉक्टर तेथे काम करीत. त्यांच्या पत्नी फॅनी हेस या घरी जेली आणि गोड पदार्थ करताना अगर वापरत. अगर म्हणजेच हे चायना ग्रास. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून त्यांना ते कळले होते. त्यांनी पतीला सुचवले, जिलेटीनऐवजी हे घालून पाहा. ते घातले आणि अडचण सुटली. पुढे १८८२ साली कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या निबंधात अगरचा उल्लेख आहे, पण फॅनीबाईंचे नाव नाही. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू तपासताना बशीत अगर असते. स्वयंपाकघरातले ज्ञान हेही ज्ञानच आहे, हे मुलींना कळले पाहिजे.

साखरेचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी शक्ती मोजायचे माप. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी. चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे २० कॅलरी.

श्रीखंड करताना आपण चक्का आणि साखर समान घेतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅम साखर आली. दहा चमचे! नुसत्या साखरेच्याच २०० कॅलरी झाल्या. चक्क्याच्या आणखी वेगळ्या. खाली आम्ही देत आहोत त्या वाट्यांत माणशी अर्धा ते पाऊण चमचा साखर पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी साखर रोजच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी. विसाव्या हिश्शाच्या आत राहिली तर अधिक चांगले. मोठ्या माणसाला ते सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे होते. आता कामावरच्या माणसाचा दिवस पाहा. चार वेळा चहा, दर कपात दोन चमचे साखर. चहातच आठ चमचे संपले. तेव्हा सणाच्या वाटीवर डोळे वटारण्याआधी रोजचा कप मोजावा. दोन चमच्यांचा दीड, दीडचा एक, असे महिन्याभरात खाली यावे. जिभेला सवय होते.

काही गैरसमजही दूर केले पाहिजेत. “गुळाने शुगर वाढत नाही” असे सर्रास म्हणतात. ते खरे नाही. गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपासच आहेत आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. मधाचेही तसेच. बाजारात साखरेऐवजी घालायच्या गोळ्या आणि पुड्या मिळतात. वजन कमी करण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला. मात्र ज्यांना मधुमेह आधीच आहे, त्यांच्यासाठी तो सल्ला नव्हता. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. आमच्या कृतींत या पुड्यांची गरज नाही.

थोड्या साखरेत गोडी वाढवायच्या युक्त्या मात्र आहेत. वेलची किंवा जायफळ घातले की पदार्थ आहे त्यापेक्षा गोड वाटतो. चिमूटभर मीठही हेच काम करते. दही गोडसर असले की साखर कमी लागते, आंबट झाले की जास्त. आणि फार गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. म्हणून बर्फासारख्या गार वाटीपेक्षा माठाच्या पाण्याइतकी गार वाटी कमी साखरेत गोड लागते. फ्रिज नसल्याचा हा एक फायदाच समजा.

दही कसे लावावे

म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. पिशवीचे टोन्ड दूध आणले तर त्यात ३ टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का असतो. घरी म्हशीचेच दूध येत असेल तर ते तापवून, निवू देऊन वरची जाड साय काढून घ्यावी. साय तुपासाठी जमवता येते. उरलेल्या दुधाला, ते बोटाला सोसेल इतके कोमट असताना, अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण लावावे. उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही लागते. लागले की लगेच वापरावे. दिवसभर राहिले तर आंबते आणि मग साखर दुप्पट घालावी लागते. कामावर जाणाऱ्या भगिनींनी रात्री झोपताना विरजण लावावे आणि पहाटे पदार्थ करावा.

आता कृती पाहू. सर्व मापे सहा माणसांची आहेत. वाटी म्हणजे २०० मिलिलिटरची, चहाच्या मोठ्या कपाएवढी. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला.

१. मोसंबी-दह्याची दुहेरी वाटी (फ्रिजशिवाय)

पैठण तालुक्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ. पाचोडचा मोसंबी बाजार तर प्रसिद्धच आहे. मोसमात डागाळलेली, लहान मोसंबी स्वस्त मिळतात. रसाला तीही चालतात.

साहित्य : चायना ग्रासच्या पट्ट्या १० ग्रॅम, पाणी २ वाट्या, घट्ट ताजे दही २ वाट्या, मोसंबीचा रस १ वाटी (साधारण चार मोसंबी), साखर ३ चमचे, वेलचीपूड, चिमूटभर मीठ.

कृती : पट्ट्या कात्रीने बारीक कापून दोन वाट्या पाण्यात अर्धा तास भिजत घालाव्यात. दही आणि रस माठातले किंवा फ्रिजमधले नसावेत, साध्या हवेच्या उष्णतेचे असावेत. दह्यात दोन चमचे साखर, वेलची आणि मीठ घालून रवीने एकजीव घुसळावे. उरलेला एक चमचा साखर रसात विरघळवावी.

आता भिजलेले चायना ग्रास त्याच पाण्यासह मंद आचेवर ठेवावे. ढवळत राहावे. एकही पट्टी दिसेनाशी होईपर्यंत, आठ-दहा मिनिटे उकळू द्यावे. घाई केली तर पुढे दाताखाली कचकच येते. खाली उतरवून दोन मिनिटे थांबावे, मग निम्मे पाणी बारीक धारेने दह्यात ओतावे. एका हाताने ओतावे, दुसऱ्या हाताने ढवळावे. दही फार गार असेल तर चायना ग्रास तिथल्या तिथे घट्ट होऊन दोरे धरते, म्हणून वरची सूचना. हे मिश्रण लगेच सहा वाट्यांत अर्धे-अर्धे भरावे. वाट्या परातीत ठेवून परातीत थोडे गार पाणी घालावे.

उरलेले चायना ग्रासचे पाणी तोवर मंद आचेवर गरम राहू द्यावे. दह्याचा थर हाताला चिकटेनासा झाला की त्यात मोसंबीचा रस मिसळून वरून हलकेच ओतावे. रस उकळू नये. आंबट रस चायना ग्रासबरोबर उकळला तर जेली सैल पडते, शिवाय रसाला कडवटपणा येतो. परातीत अर्ध्या-पाऊण तासात वाट्या तयार होतात. खाली पांढरा थर, वर पिवळा थर. ओले फडके झाकून माठाशेजारी ठेवाव्यात.

एका वाटीत सुमारे ६५ कॅलरी होतात.

२. डाळिंबाची जिलेटीन वाटी (थंडीत किंवा फ्रिज असल्यास)

साहित्य : साधी जिलेटीन पूड ३ चमचे (सुमारे १० ग्रॅम), पाणी अर्धी वाटी, दही अर्धा लिटर, साखर ४ चमचे, वेलची, एका डाळिंबाचे दाणे.

कृती : अर्धी वाटी गार पाण्यात जिलेटीन भुरभुरून दहा मिनिटे ठेवावे. ते फुगून साबुदाण्यासारखे होते. मग ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळावे. दोन-तीन मिनिटांत ते स्वच्छ, पातळ होते. जिलेटीन थेट चुलीवर उकळू नये, उकळले की त्याची थिजण्याची ताकद कमी होते. घुसळलेल्या दह्यात साखर आणि वेलची घालून त्यात हे पाणी ओतावे, ढवळावे आणि वाट्यांत भरावे. पाच मिनिटांनी डाळिंबाचे दाणे सोडावेत. फ्रिजमध्ये चार तास लागतात. डिसेंबर-जानेवारीत पैठणला रात्री चांगलीच थंडी असते. तेव्हा जाळीच्या कपाटात रात्रभर झाकून ठेवले तरी पहाटे वाट्या थिजलेल्या मिळतात. ऊन चढण्याआधी खाऊन टाकाव्यात.

एक खूणगाठ बांधा. कच्चा अननस किंवा कच्ची पपई जिलेटीनमध्ये घातली तर ते थिजत नाही. ज्या गुणामुळे कच्ची पपई लावली की मटण लवकर शिजते, तोच गुण येथे आडवा येतो. अननस घालायचाच असेल तर फोडी पाच-सात मिनिटे शिजवून घ्याव्यात. चायना ग्रासला ही अडचण नाही.

एका वाटीत ८० च्या आसपास कॅलरी होतात.

३. वाफवलेले दही (जिलेटीन नाही, चायना ग्रास नाही)

दुकानात दोन्हीपैकी काहीच मिळाले नाही, तर ही कृती करावी.

एक लिटर दही पातळ धुतलेल्या फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगावे. उन्हाळ्यात त्याहून जास्त टांगू नये, आंबते. खाली गळलेले पाणी फेकू नये, भाकरीचे पीठ मळायला किंवा वरणात चालते. चक्क्यात अर्धी वाटी दूध, ४ चमचे साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि किसलेले जायफळ घालून गुठळी राहणार नाही असे फेटावे. डब्यात ओतून, झाकण लावून, कुकरमध्ये शिट्टी काढून वीस मिनिटे वाफवावे. निवले की वड्या पडतात. माणशी १०० कॅलरींच्या आत बसते. यात साखर दिसायला जास्त वाटली तरी माणशी पाऊण चमच्याहून कमीच आहे.

तिन्ही पदार्थ फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात चार-पाच तासांत संपवावेत. दुधाचा पदार्थ आहे, बुरा वास किंवा बुडबुडे आले तर मोह न करता टाकून द्यावा. अगदी लहान बाळांना जेलीचे तुकडे देऊ नयेत, घशात अडकण्याची भीती असते. तीन-चार वर्षांच्या मुलांना चमच्याने मोडून, बारीक करून द्यावे.

शुगरच्या माणसासाठी चार गोष्टी

पहिली. कमी कॅलरीचे म्हणजे कितीही खावे असे नव्हे. दह्यातही दुधाची साखर असते, फळात फळाची. एक वाटी, जेवणानंतर, आणि त्या दिवशी अर्धी भाकरी किंवा थोडा भात कमी. कोणाला किती चालते हे डॉक्टर सांगतील. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी दही-दुधाचे प्रमाण त्यांना विचारूनच ठरवावे.

दुसरी. गोड खायचे म्हणून जेवण चुकवू नये. गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर पोट रिकामे राहिले तर साखर एकदम उतरते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणे. अशा वेळी या कमी साखरेच्या वाट्या उपयोगाच्या नाहीत. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये. घरातल्या शाळकरी मुलांनाही हे शिकवून ठेवावे, कारण दुपारी आजीजवळ तीच असतात.

तिसरी. या वाट्या औषध नाहीत. गोळी चालूच ठेवावी, चालणे चालूच ठेवावे. पायाला जखम झाली तर लपवू नये.

चौथी. तपासणी. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासतात. रोजंदारी बुडते म्हणून बायका जात नाहीत, हे आम्हांला माहीत आहे. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाल तेव्हा आपलेही बोट पुढे करावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

वेगळे ताट नको

डॉ. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाल्यापासून बाबासाहेबांच्या औषधपाण्याची आणि पथ्याची काळजी त्या घेत. शेवटच्या वर्षांत दुखण्याने शरीर पोखरले असतानाच त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहून पुरा केला. शुगर होणे हा गुन्हा नाही आणि पथ्य ही शिक्षा नाही. पथ्य सांभाळणाऱ्या माणसाला घरच्यांची साथ लागते.

आपल्या घरात मात्र काय होते? शुगरच्या माणसाला आपण प्रेमानेच पंगतीतून बाजूला काढतो. “त्यांना नको वाढू, त्यांना शुगर आहे,” असे पाहुण्यांपुढे मोठ्याने सांगतो. पंगतीतून बाजूला काढणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या सोसले आहे. पैठणात तर पंगतीचा प्रश्न शेकडो वर्षांचा जुना. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना जेवू घातले म्हणून एकनाथांवर बहिष्कार पडल्याची कथा तेथे अजून सांगतात. त्या अपमानाची आठवण असलेल्या घरांत आजारी आईचे ताट वेगळे पडू नये. ज्याला सगळ्यांदेखत मिळत नाही, तो चोरून खातो. चोरून खाल्लेल्याचे माप राहत नाही, आणि डॉक्टरांना ते कळतही नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की आजारी माणसासाठी वेगळी वाटी करू नका. वर दिलेल्या वाट्या सगळ्या घरासाठी करा. मुलांना आवडतील, कामावरून आलेल्यालाही गार वाटेल, आणि सर्वांचीच साखर कमी होईल. एका घरात अन्न एक, सवयी एक. आज आईला शुगर असेल तर उद्या मुलालाही होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. मग साखर एकट्या आईनेच का मोजावी?

वैशाखी पौर्णिमेची खीर मात्र सोडायला कोण सांगतो? सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून ती विहारात होते, वाटली जाते, वाटली जावी. तेथेही एक करता येईल. खिरीच्या मोठ्या पातेल्यात नेहमीपेक्षा तिसरा हिस्सा साखर कमी घालून वेलची वाढवावी. कोणाला कळणारही नाही. शुगरच्या उपासक-उपासिकांना डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर दोन चमचे खीर सर्वांसोबत द्यावी. घरच्या जेवणात मग मोसंबी-दह्याची वाटी ठेवावी. महिला मंडळाने मनावर घेतले तर जयंतीच्या आदल्या दिवशी विहारात चार-पाच जणींनी मिळून या वाट्या एकदा करून पाहाव्यात. चायना ग्रास किती उकळायचे, हे वाचून कळते त्यापेक्षा शेजारणीच्या पातेल्यात पाहून लवकर कळते.

ताई, तुमच्या सासूबाईंना पहिल्या खेपेला रवी हातात द्या. दही त्यांच्याकडूनच घुसळून घ्या. साखरेचे तीन चमचे त्यांच्यासमोर मोजा, म्हणजे वाटीत किती पडली हे त्यांनाही ठाऊक राहील. थर सरकला, जेली थोडी सैल झाली तरी चवीत फरक पडत नाही, हेही त्यांना सांगा.